दूरचा आवाज टिपायचाय: चोरलच्या दरीतला घुग्घू आणि घरी जुळवलेला संच

चोरलकाठ | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, राहायला रामबागेत.

आजोबा रेल्वेत होते, त्यांची बरीच वर्षं कालाकुंड स्टेशनवर गेली. बाबांचं लहानपण तिथलंच. मीटरगेजची गाडी, घाट, खाली चोरल नदी. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. मागच्या महिन्यात जेवताना अचानक म्हणाले, "रात्री दरीतून घुग्घू बोलायचा. एकदा ऐकायला मिळाला असता तर बरं होतं." गुडघ्यांमुळे त्यांना तिथवर नेता येत नाही. म्हणून ठरवलंय की तो आवाजच घरी आणायचा.

दोनदा जाऊन आलो. पक्षी आहे. नदीपलीकडच्या मातकट कड्यावर बसतो, माझ्यापासून अंदाजे दोनशे मीटरवर. शृंगी घुबड आहे असं तिथल्या एका पक्षीवाल्या मुलाने सांगितलं. कानाला स्वच्छ ऐकू येतं: "बू... बोऽऽ". फोनवर रेकॉर्ड केलं तर नुसती सूंऽऽ अशी सळसळ, आणि तिच्यात कुठेतरी बुडालेला पक्षी. आवाज वाढवला की सळसळही तेवढीच वाढते.

लग्नाचे व्हिडिओ करणारा मित्र म्हणतो की लांब शॉटगन माइक घे, दूरचं जवळ ओढून आणतो. दुसऱ्याने डिश टीव्हीची छत्री सुचवली. वीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो. इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही, पण हाताने काम करायची तयारी आहे. काय घेऊ?

पावशा | ८ डिसेंबर, रात्री १०:१५

शॉटगनच घ्या. सिनेमावाले उगाच वापरत नाहीत.

सातभाई | ८ डिसेंबर, रात्री ११:०२

बडोद्याहून लिहितेय. मी वढवाणा तलावावर हिवाळ्यात हंस-बदकांचे आवाज टिपते, त्यासाठी ५६ सेंटिमीटरची पॅराबोलिक डिश (आवाज एका बिंदूवर गोळा करणारं खोलगट भांडं) वापरते. चंडोल, तुतारी, टिटवी, यांच्यासाठी डिशसारखं दुसरं काही नाही. शॉटगनच्या कितीतरी पुढे. पण दादा, तुमच्या घुबडासाठी ती चालेल असं मला वाटत नाही. रातवाकाका यायची वाट बघा, ते नीट समजावतील.

रातवा | ९ डिसेंबर, सकाळी ६:२०

चोरलकाठ, तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं. मी आकाशवाणीत ध्वनिविभागात होतो, इंदूर केंद्रात, मालवा हाउसला, बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर जानापाव ते उदयनगर हे जंगल रात्री ऐकत फिरतो. जरा लांबण लावतो, कारण हे नीट समजलं तर तुमचे पैसे वाचतील.

पहिली गोष्ट. आवाजाला दुर्बीण नसते. शॉटगन माइक काहीही ओढून आणत नाही. त्याच्या पुढच्या नळीला बाजूने खाचा असतात. बाजूचा आवाज वेगवेगळ्या खाचांतून आत शिरतो, वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि आपसात कापला जातो. समोरचा तेवढा शाबूत राहतो. म्हणजे तो माइक आजूबाजूचं कमी करतो, समोरचं वाढवत नाही. आणि ही कापाकापी नळीच्या लांबीवर अवलंबून. २५ सेंटिमीटरच्या नळीचा उपयोग दीड-दोन हजार हर्ट्झच्या खाली मावळत जातो (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आकडा जितका कमी तितका आवाज खर्जातला). शृंगी घुबडाचा आवाज २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे ती नळी नुसती शोभेची.

दुसरी, डिश. डिश खरोखर आवाज गोळा करते, पण लहरीची लांबी डिशच्या व्यासापेक्षा कमी असेल तेव्हा. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर धरा. ३५० हर्ट्झची लहर झाली जवळजवळ एक मीटर लांब. ५६ सेंटिमीटरची डिश तिला दिसतच नाही, ती डिशला वळसा घालून निघून जाते. साधारण ६०० हर्ट्झपासून डिश काम करू लागते आणि पुढे दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबल जास्त देते. म्हणून चंडोलाला अप्रतिम, घुबडाला निरुपयोगी.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. प्रत्येक माइकचा स्वतःचा एक आवाज असतो. सेल्फ नॉइज म्हणतात. तुम्हाला ऐकू आली ती सूं जंगलाची नाही, फोनच्या माइकची आहे. हिशेब करा. धरून चालू की घुबड दहा मीटरवर ६० डेसिबल आहे. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, तर दोनशे मीटरवर उरले ३४. फोनमधल्या माइकचा स्वतःचा आवाज ३० च्या आसपास. म्हणजे पक्षी आणि सूं यांत फरक राहिला चार डेसिबलचा. तिथे १४ वाला माइक लावा, फरक होतो २० चा. त्याच जागी, त्याच पक्ष्याचा.

म्हणून पैसे लांबीवर घालू नका, शांत माइकवर घाला.

पावशा | ९ डिसेंबर, सकाळी ८:४०

काका, पण मग आता ३२-बिट फ्लोटवाले रेकॉर्डर आलेत त्यांत कमी आवाज नंतर कितीही वाढवता येतो म्हणे. साध्या माइकवर ते भागत नाही का?

रातवा | ९ डिसेंबर, सकाळी ९:०५

नाही. ३२-बिट फ्लोटचा फायदा असा की पातळी चुकली तरी आवाज फाटत नाही. माइकच्या पोटातली सळसळ तो काढू शकत नाही. ती पक्ष्याबरोबरच वाढते. झूमचा एफ३ रेकॉर्डर चांगला, त्याचा प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, शांत आहे. पण त्यात स्वतःचा माइक नाही, फक्त एक्सएलआर, म्हणजे मोठ्या माइकची तीन पिनांची सॉकेट. आणि चोरलकाठ यांच्या बजेटात तो आणि माइक दोन्ही बसणं कठीण.

सोल्डरगन | ९ डिसेंबर, दुपारी १:३०

भिया, आता माझा विषय आला. मी सुदामानगरला, रिपेरिंगचं काम करतो.

तयार माइक विकतच घ्यायला पाहिजे असं नाही. नुसती कॅप्सूल, म्हणजे माइकमधला आवाज टिपणारा भाग, मागवा. प्रिमोची ईएम२७२ किंवा पीयूआयची एओएम-५०२४. बोटाच्या पेरापेक्षा लहान गोल डबी. दोन्हींचा सेल्फ नॉइज १४ डेसिबलच्या घरात. डेटाशीटमध्ये सिग्नल-टू-नॉइज ८० दिलेला असेल, तो ९४ मधून (मोजणीची ठरलेली पातळी) वजा करायचा, १४ येतात. महाराणी रोडवर ज्या साध्या इलेक्ट्रेट कॅप्सूल मिळतात त्या या कामाच्या नाहीत. मी लावून बघितल्यात, सूं तशीच. कॅप्सूल ऑनलाइनच मागवा. बाकी तार, ३.५ एमएम पिन, हीटश्रिंक, सगळं महाराणी रोडवर मिळेल.

जोडणी सोपी आहे. मागे दोन टिकल्या असतात. जिच्यापासून डबीच्या कडेपर्यंत तांब्याची रेघ गेलेली दिसते ती ग्राउंड. दुसरी सिग्नल. स्टिरिओ पिनवर टोक म्हणजे डावा, मधलं कडं उजवा, मागचा भाग ग्राउंड. कॅप्सूलला चालायला थोडे व्होल्ट लागतात, ते रेकॉर्डरच्या माइक सॉकेटमधूनच येतात. मेनूत "प्लग-इन पॉवर" चालू करायचं. एक्सएलआरचे ४८ व्होल्ट सरळ कधीही देऊ नका, कॅप्सूल जाते. त्यासाठी रोडचा व्हीएक्सएलआर प्लस अडॅप्टर मिळतो, तो ४८ चे ३ ते ५ व्होल्ट करून देतो.

सोल्डर करताना टोक दोन सेकंदांच्या वर टेकवायचं नाही. आतला पडदा प्लास्टिकचा आहे, तापला की गेला. आधी तारेला कथील चढवून घ्या, मग नुसतं टेकवलं की बसतं. हात बसला नसेल तर रविवारी दुकानात या, दोघं मिळून करू.

अजून एक. एकसारख्या दोन कॅप्सूल एकत्र जोडल्या तर सळसळ ३ डेसिबल खाली येते, चार जोडल्या तर ६. कारण पक्षी सगळ्यांत सारखा असतो आणि सळसळ प्रत्येकाची वेगळी.

सातभाई | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

छत्रीचा प्रश्न राहिला. डिश टीव्हीची छत्री ऑफसेट असते, तिचा केंद्रबिंदू मधोमध नसून खाली बाजूला असतो, त्यामुळे नेम धरणं अवघड. शिवाय पत्रा स्वतः वाजतो. ज्यांना लहान पक्ष्यांसाठी डिश करायची असेल त्यांनी मधोमध केंद्र असलेलं प्लास्टिक किंवा ॲक्रिलिकचं भांडं शोधावं. केंद्र काढायचं सूत्र: व्यासाचा वर्ग भागिले (सोळा गुणिले खोली). माझी डिश ५६ सेंमी रुंद, १४ खोल. ३१३६ भागिले २२४, म्हणजे बरोबर १४. माइक काठाच्या पातळीत येतो. माइकचं तोंड डिशच्या आत करायचं, पक्ष्याकडे नाही. हे मला एक अख्खा हिवाळा कळलं नव्हतं. नेमकी जागा ठरवायला वीस मीटरवर कुणाला तरी फोनवर बारीक शिट्टी लावून उभं करा आणि मीटरचा काटा सर्वांत वर जाईल तिथे माइक पक्का करा.

महूकर | १० डिसेंबर, सकाळी ७:४५

चोरलकाठ, मी महूला राहतो, कालाकुंडला नेहमी जाणं असतं. तुम्ही म्हणताय तो कडा मला माहीत आहे. कळकळीची विनंती: पलीकडे जाऊ नका. शृंगी घुबडाचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. अशाच कड्याच्या कपारीत, उघड्या मातीवर अंडी असतात. माणूस जवळ दिसला की मादी उठते आणि थंडीत अंडी उघडी पडतात. फोनवर त्याचाच आवाज लावून त्याला बोलावणं तर अजिबात नको. दोनशे मीटर हे योग्य अंतर आहे, तेच ठेवा.

आणि रात्रभर एकटे बसू नका, त्या भागात बिबट्याचा वावर आहे. वनरक्षकाला आधी सांगून ठेवा.

चोरलकाठ | १० डिसेंबर, रात्री १०:३०

महूकर, आभार. पलीकडे जाणार नाही, शब्द देतो.

रातवाकाका, एक विचारायचं होतं. बाबांना कमी ऐकू येतं. रातकिडे, चिमण्या त्यांना मुळीच ऐकू येत नाहीत. घुबड ऐकू येईल ना?

रातवा | ११ डिसेंबर, सकाळी ६:०५

वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. खालची पट्टी बहुतेकांची बऱ्यापैकी टिकते. घुबड खालच्या पट्टीतलं आहे, त्यामुळे मला आशा वाटते. मात्र फोनच्या स्पीकरवर ऐकवू नका, एवढासा स्पीकर ३०० हर्ट्झ नीट काढत नाही. कान झाकणारा हेडफोन लावा.

माझ्याकडे सोनीचा जुना पीसीएम-एम१० आहे. कंपनीने तो बनवणं कधीच थांबवलं, पण त्याचा प्रीअँप अजून कामाचा आहे आणि तो प्लग-इन पॉवर देतो. दोन एए सेलवर रात्र निघते. घेऊन जा, काम झालं की परत करा. सेल निकेल-मेटल हायड्राइडचे, चार्जवाले घ्या. पॉवर बँक लावू नका. एवढ्या कमी करंटवर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात आणि काहींची किरकिर थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

आता वेळ. दूरच्या आवाजाला वेळ माइकइतकीच महत्त्वाची. दुपारी जमिनीलगतची हवा गरम असते, आवाज वर वळून निघून जातो. हिवाळ्यात आपल्या माळव्यात रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार. मग आवाज वर न जाता खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. शब-ए-मालवा, माळव्याची रात्र, म्हणतात ती आवाजाच्या दृष्टीनेही खरी आहे. पहाटे चार ते सहा, वारा नसलेला दिवस.

हवासुद्धा आवाज खाते, पण निवडून. २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रतेला एका किलोमीटरमागे ५०० हर्ट्झचा आवाज जेमतेम ३ डेसिबल गमावतो. ८००० हर्ट्झचा ७५ पेक्षा जास्त. म्हणून दूरवरून कोल्हेकुई, घुबड, मोर, सारस एवढेच ऐकू येतात आणि चिमणी येत नाही. तुमचा पक्षी हवेच्या मर्जीतला आहे. अडचण एकच, ट्रकची घरघरही त्याच पट्टीत आणि तीही पहाटेच सर्वांत लांब पोचते. रालामंडल अभयारण्यात मी याचसाठी जात नाही, बायपास सतत कानात असतो. कालाकुंडला डोंगर आडवा आहे, तो तुम्हाला वाचवेल.

सोल्डरगन | ११ डिसेंबर, दुपारी २:००

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. उघडी कॅप्सूल झुळकेनेही धबधब करते. प्लास्टिकच्या जाळीच्या दोन चहाच्या गाळण्या तोंडाला तोंड लावून गोळा करा, आत मधोमध रबरबँडवर कॅप्सूल टांगा, वरून लांब केसांचं खोटं फर शिवा. सीतलामाता बाजारात, जॅकेटच्या कॉलरला लावतात ते, कापून मिळतं. घेताना तोंडाने फुंकून बघा, मागचं कापड हवा आरपार सोडत नसेल तर ते आवाजही गिळेल. आतली मोकळी हवा जितकी जास्त, तितका वारा कमी लागतो. म्हणून गाळण्या मोठ्या घ्या.

चोरलकाठ | २२ डिसेंबर, रात्री ११:२०

पहिला प्रयत्न फसला, सविस्तर लिहितो म्हणजे कुणाला उपयोग होईल.

संच तयार झाला. सोल्डरगनभाऊंकडे रविवारी बसून दोन ईएम२७२ जोडल्या. फर बायकोने शिवलं. घरी गच्चीवर पहाटे तीनला लावून बघितलं तर पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळाचे ठोके आले. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

कालाकुंडला गेल्यावर मात्र: एक, रेकॉर्डर हातात धरून उभा राहिलो. जॅकेटची सळसळ, माझा श्वास, वायर हलली की धप्प, सगळं पक्ष्यापेक्षा मोठं. दोन, फोन खिशात चालू होता, दर थोड्या वेळाने टर्र-टर्र-टर्र. तीन, पहाटे दव पडलं आणि डाव्या कानात कढईत पाणी पडल्यासारखं तडतडायला लागलं. घुबड सात वेळा बोललं. एकही वेळ ऐकवण्यासारखी नाही.

रातवा | २३ डिसेंबर, सकाळी ६:१५

फसला म्हणू नका, माइक उत्तम चाललाय हे कळलं. आता स्वतःला बाजूला काढा. संच ठेवायचा आणि निघून जायचं. संध्याकाळी उजेड असताना जा, नदीच्या अलीकडच्या काठावर एक जाड बुंधा शोधा, छातीच्या उंचीवर दोन्ही बाजूंना एकेक कॅप्सूल रबराच्या पट्टीने बांधा, तोंड कड्याच्या दिशेला थोडं वळवून. दोन कानांमध्ये डोकं असतं तसा मध्ये बुंधा. त्यामुळे हेडफोनवर दिशा कळते. वायरही बुंध्याला बांधा, लोंबकळू देऊ नका. वाहत्या पाण्यापासून शक्य तितकं दूर. नदीची खळखळ रुंद पट्ट्यात पसरते, ती नंतर काढता येत नाही.

रेकॉर्डर डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. कॅप्सूलला वरून झाडाच्या खोडाचाच थोडा आडोसा असू द्या, उघड्या आभाळाखाली दव जास्त धरतं. २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ, तासाला साधारण एक जीबी. १६ जीबीच्या कार्डात पूर्ण रात्र मावते. पातळी हाताने ठेवा, ऑटो नको. ऑटो शांततेत सळसळ फुगवतं आणि मोराने ओरडल्यावर सगळं दाबतं. लो-कट (खालच्या पट्टीचा आवाज कापणारी सोय) रेकॉर्डरवर लावू नका, नंतर घरी १०० हर्ट्झच्या खालचं काढा. त्याच्या वर गेलात तर पक्ष्याचा गाभाच कापाल.

महूकर | २३ डिसेंबर, सकाळी ९:३०

डब्यावर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा की पक्ष्यांचे आवाज टिपले जात आहेत, हात लावू नका. वायर निघालेला डबा झाडाला बांधलेला पाहून गावातले लोक घाबरतील आणि त्यात त्यांचा दोष नाही. मी वनरक्षकांशी बोलून ठेवतो. २७ ला मी त्याच बाजूला आहे, सोबत येतो.

सातभाई | २३ डिसेंबर, दुपारी १२:१०

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा, तापमान, कड्यापर्यंतचं अंतर बोलून ठेवा. वर्षभराने फाइल उघडाल तेव्हा याच दहा सेकंदांची किंमत कळते. माझ्याकडे विश्वामित्रीतल्या मगरीचा घुमणारा हुंकार आहे, अगदी मोलाचा, पण कोणत्या पुलाखालचा ते नोंदवलेलं नाही. अजून जिवाला लागतं.

चोरलकाठ | ३० डिसेंबर, रात्री १०:०५

आलं. मंडळी, आलं.

२७ ला संध्याकाळी पाचला महूकरांबरोबर जाऊन काकांनी सांगितल्याप्रमाणे एका अर्जुनाच्या बुंध्याला संच बांधला. फोन बंद. अंधार पडायच्या आत परत फिरलो, महूला त्यांच्याकडेच झोपलो. सकाळी आठला काढून आणला. तेरा तासांची फाइल, थोडी जास्तच. घरी संगणकावर ऑडासिटी प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम (वेळ आडवी आणि पट्टी उभी दाखवणारं आवाजाचं चित्र) लावून बघत गेलो, कारण सगळं ऐकायला दोन दिवस लागले असते. खालच्या पट्टीत छोटे आडवे ठिपके दिसतात, दोन-दोन, पहिला आखूड, दुसरा लांब. पहाटे ४:५२ पासून ५:३१ पर्यंत असे ४३ जोड. त्याआधी साडेसातला कोल्ह्यांचा एक कळप, आणि दोनच्या सुमाराला कुठेतरी रातवा पक्षी, चक्-चक्-चक्-चक्.

काल दुपारी बाबांना हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटले. पहिल्या "बू-बोऽऽ" ला काही बोलले नाहीत. तिसऱ्याला हात वर केला, मी थांबवू लागलो तर म्हणाले, "थांबवू नको, दुसरा बोलतोय." मला दुसरा ऐकूच आला नव्हता. परत लावून बघितलं. उजव्या कानात, फार दूर, प्रत्येक हाकेनंतर चार-पाच सेकंदांनी खरोखरच दुसरा पक्षी उत्तर देतो. स्पेक्ट्रोग्रामवर तो जेमतेम करड्या रेघेएवढा. बाबा म्हणाले, तो खालच्या पुलाकडचा, त्या अंगालाही एक असायचा.

चाळीस मिनिटं त्यांनी पूर्ण ऐकली. मग आजोबांच्या ड्यूटीच्या कंदिलाबद्दल बोलले, रात्रीच्या मालगाडीबद्दल, आजी घाटात कलाकंद घेऊन जायची त्याबद्दल. हे मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या फोनवर तेही रेकॉर्ड केलंय, त्याला सळसळ असली तरी चालेल.

काका, रेकॉर्डर रविवारी आणून देतो. एकच शंका. ५:१७ ला, दोन्ही घुबडं गप्प असताना, डावीकडून एक आवाज येतो. लांब, खाली घसरत जाणारा, सुमारे तीन सेकंद, एकदाच. कोल्हा वाटत नाही. बाबांनाही ओळखू आला नाही. तेवढा तुकडा खाली जोडलाय.

पावशा | ३० डिसेंबर, रात्री १०:४०

दादा, अंगावर काटा आला. माझ्यासाठी पण दोन कॅप्सूल मागवा, पैसे लगेच पाठवतो.

रातवा | ३१ डिसेंबर, सकाळी ५:५०

बाबांना माझा नमस्कार सांगा. मीही हेडफोन लावून तो दुसरा पक्षी ऐकला, त्यांच्या सांगण्यामुळेच सापडला.

रेकॉर्डरची घाई नाही, एप्रिलपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या. ५:१७ च्या आवाजाबद्दल आत्ता काही बोलत नाही. तुम्ही जोडलेला तुकडा एमपी३ आहे, त्यात नेमका खालचा शेपटाचा भाग अंधुक झालाय. मूळ डब्ल्यूएव्ही, म्हणजे न आवळलेली फाइल, पाठवा, आधीची आणि नंतरची पाच-पाच मिनिटं धरून.